लाल्याचं पाचट

परवा सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर काजळीचे कण दिसले आणि मी ओळखलं, साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. संध्याकाळपर्यंत वासही आला. मळीचा. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. गूळ आंबला, गटार तुंबलं आणि दोन्ही कुणीतरी एकाच पातेल्यात गरम करायला ठेवलं, असं काहीतरी. सोमेश्वरनगरजवळच्या या गावात लग्न होऊन आले त्याला चोवीस वर्षं झाली, तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी मी घराच्या खिडक्या लावून घेतेच. सलीम, म्हणजे माझा नवरा, दर वर्षी न चुकता म्हणतो, "भाकरीचा वास हाय तो आपल्या." असेल बाई. मी ती भाकरी नाकाला ओढणी लावून खाते.

वास आला की ऊसतोडणीवाल्यांची बिऱ्हाडं येतात. ट्रॉलीत बांबू, हंडे, कोंबड्या, लेकरं, आणि सगळ्यांत वर बसलेलं एखादं कुत्रं. आमचा लाल्या फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढून प्रत्येक ट्रॉली हुंगतो. आणि मी शेजारच्या रानातून पाचटाचा एक भारा मागून आणते, उसाची वाळकी पानं, आणि मागच्या दाराबाहेर पसरते. शाळेत मराठी शिकवणारी बाई डोक्यावर पाचट घेऊन चाललेली बघून गावातल्या बायका अजून हसतात. हसू देत.

मी मूळची बारामतीची. माहेरी कापडाचं दुकान. लहानपणी शाळेतून आले की मी आधी गादीवर बसून कोऱ्या कापडाचा वास घ्यायचे, मग जेवायचे. त्या वासाने माझं नाक कायमचं लाडावून ठेवलं असणार. कुणाच्या घरी पाणी प्यायच्या आधी मी पेला हुंगते. स्वतःच्या लेकीचे लंगोटसुद्धा मी तोंड फिरवून धुतले. आईला कसलीच किळस येत नाही असं लिहिणाऱ्यांनी कधी लंगोट धुतले नसावेत. पाच वर्षांपूर्वी आम्ही घर बांधलं तेव्हा मी हट्टाने बाहेरच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत पांढरी फरशी घालून घेतली. सलीम म्हणाला, "डाग दिसंल." मी म्हटलं, "दिसायलाच पाहिजे. दिसला तर पुसता येतो."

त्या फरशीवर लाल्या आला.

ते दिवस हंगाम संपतानाचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की चार दिवसांत ऊसतोडणीवाल्यांचा तळ उठतो. सलीमचं ट्रॉलीच्या वेल्डिंगचं आणि पंक्चरचं दुकान त्या तळाला लागूनच. माझे सासरे, अब्बा, दुपारची नमाज झाली की दुकानापुढच्या बाकावर बसून तळावरच्या माणसांशी गप्पा मारायचे. तिथे आसराबाई नावाची बीडकडची एक बाई होती. तिच्या कोपीत, म्हणजे बांबू आणि पाचटाच्या त्या खोपट्यात, कुत्रीला पिल्लं झाली होती. निघताना ट्रॉलीत जागा उरली नाही. एक तांबडं, लांब कानांचं, पाच-सहा महिन्यांचं पोर मागे राहिलं. अब्बांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. अब्बा धोतर नेसायचे, टोपी घालायचे आणि पाच वेळा मशिदीत जायचे. आमच्या गावाला यात काही वेगळं वाटत नसे.

मी दारात आडवी उभी राहिले. "अब्बा, हे काय?"

"राखणीला हाय. बिबट्यानं शेजारची दोन करडं न्हेली. आपल्या शेळ्यास्नी कोण हाय?"

"घरात नमाज पढतो आपण."

"घरात कशाला येतंय ते? शेळ्यांपाशी ऱ्हाईल. राखणीला कुत्रं चालतंय, बेटा. मशिदीत इचारून आलोय."

तिसऱ्याच दिवशी गावात वनखात्याचा सांगावा आला की अंधार पडल्यावर कुत्री बाहेर ठेवू नका, बिबट्या आधी कुत्र्यावर येतो आणि मग सवयीने दारात येतो. म्हणजे राखणीला आणलेल्या कुत्र्याचीच राखण आमच्या गळ्यात. शेळ्या पत्र्याच्या दाराआड गेल्या आणि लाल्या आत आला, माझ्या पांढऱ्या फरशीवर. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण मी मुलांना इतकी वर्षं शिकवली होती. तिचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला.

पहिल्याच पहाटे मी अनवाणी पायाने दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर उभी राहिले. ते ओलं होतं. आणि कोमट होतं. त्या कोमटपणाने माझ्या टाचेपासून मानेपर्यंत जो काटा आला तो अजून गेलेला नाही. मी पाय तीनदा धुतला, साबणाने, मग डेटॉलने, मग पुन्हा साबणाने, आणि शाळेत दिवसभर मला तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटत राहिला. दुसऱ्या दिवशी केरसुणी. तिच्या मुळाशी, जिथे हात धरायचा तिथेच. मग शिंदीची चटई, जी मी माहेरून आणली होती. मग शेळ्यांसाठी रचलेला कडबा. त्या दिवशी शेळ्यांनी कडबा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. शेळीलासुद्धा नाक असतं. घरात फिनेल, कुत्र्याचा ओला केसाळ दर्प आणि बाहेरून हंगाम संपूनही न गेलेली मळी, असे तीन वास एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. माझं जेवण निम्म्यावर आलं. पोळीचा घास तोंडात घेतला की ते पायपुसणं आठवायचं.

आणि फरशी. तिच्यावरचं सगळ्यात वाईट. अब्बांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या बोळात दर एक-दोन दिवसांनी एक थारोळं. कधी मोठं, कधी नुसती थेंबांची रांग. पांढऱ्या फरशीवर ते पिवळं पाणी ट्यूबलाइटखाली असं चमकायचं की मला ओकारी यायची. मी नाकाला ओढणी बांधून, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून पुसायचे आणि पुसताना मोठ्याने बोलत राहायचे. माझं तोंड चालू असलं की नाक थोडं बंद राहतं.

सलीमने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात एका मोठ्या घरातली बाई कुत्र्याला बिस्किट देत होती आणि कुत्रं बागेत जाऊन येत होतं. आम्ही बिस्किट दिलं. लाल्याने बिस्किट खाल्लं आणि पायपुसण्याकडे गेला. वर्तमानपत्र पसरलं, त्याने ते फाडून त्याचा बिछाना केला. शेवटी शेजारच्या तात्यांनी कुंपणावरून खात्रीचं औषध सांगितलं. "मॅडम, नाक घासा त्याचं त्यात. दोनदा घासलं की तिसऱ्यांदा करायचं न्हाय."

मी घासलं. हे मला लिहायचं नव्हतं, पण हे गाळून पुढचं लिहिता येणार नाही. बोळातल्या थारोळ्यापाशी मी त्याला मानगुटीला धरून आणलं आणि त्याचं तोंड फरशीवर दाबलं. त्याचे चारी पाय चार दिशांना घसरले. तो केकाटला नाही. त्याला फक्त शिंक आली. मग तो माझ्याकडे बघत राहिला, कोड्यात पडल्यासारखा, वर्गात न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न विचारला की मुलं बघतात तसा. मला त्या बघण्याचाही राग आला.

अब्बा खाटेवर बसले होते. "आगं, मुकं जनावर हाय ते," एवढं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, त्यांनाही ती घाण बघवत नाहीये.

त्याच सुमारास अब्बांनी मशिदीत जाणं सोडलं. आधी पहाटेचं गेलं, मग दुपारचं. एका शुक्रवारीही ते घरीच बसले तेव्हा सलीम दुकान सोडून आला. अब्बा म्हणाले, "घरात कुत्रं वावरतंय. कपड्याला कुठं लागलं-सवरलं आसंल, काय सांगावं? तसल्या कापडानं मशिदीत कसा उभा ऱ्हाऊ?"

"पण तुमीच आणलं की त्याला!"

"आणलं. चुकलं."

चाळीस वर्षं पहिल्या रांगेत उभं राहिलेला माणूस एका कुत्र्यापायी घरी बसला, हे सलीमच्या जिवाला लागलं. माणसं दुकानात येऊन विचारायची, आबा दिसत न्हाईत, बरं हाय ना? मग एका सकाळी अब्बांची जानमाज, त्यांची नमाजेची ती मखमली सतरंजी, धुऊन दोरीवर टाकलेली दिसली. त्यांनी स्वतःच धुतली होती, पहाटे, आम्ही उठायच्या आत. "लाल्यानं खराब केली," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

झालं. सलीमने पळसदेवला बहिणीला फोन लावला. माझी ती नणंद उजनी धरणाच्या पाण्याकाठी राहते. मासळीचं घर, उघडं अंगण, कुत्र्याने कुठेही काही केलं तरी कुणाला कळायचं नाही. रविवारी लाल्याला तिथे सोडायचं ठरलं. मला सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही. त्या सुटकेचा आनंद म्हणून मी त्या संध्याकाळी सगळी फरशी गरम पाण्याने धुतली.

पण माझ्यातली मास्तरीण स्वस्थ बसेना. नणंदेच्या गळ्यात घाण बांधायची तर निदान चार गोष्टी सांगून बांधावी, म्हणून मी सलीमच्या फोनमधून मुकादमाचा नंबर काढला आणि त्याच्याकडून आसराबाईचा. ती गावी कुठल्यातरी लग्नात होती, मागे सनई-चौघड्याची टेप चालू होती. मी ओरडून विचारलं, "तुमचं कुत्रं घरभर करतंय. तुमच्याकडे कुठं करायचं?"

"पाचटावर की!"

"आणि पाचट नसलं तर?"

"मॅडम, त्ये कोपीत जलमलं, पाचटावर वाढलं. पायाखाली खरखर लागल्याबिगर त्ये मुतत न्हाय. एकदा आमी त्याला दिसभर दुकानाच्या कोब्यावर बांधलं व्हतं, संध्याकाळपर्यंत दम धरला गुलामानं. जीव जाईल पर मोकळ्या भुईवर करायचं न्हाय."

"फरशीवर?"

ती हसली. "फरशी त्यानं कुठं पाह्यलीय?"

मी शेजारून पाचटाचा भारा आणला आणि मागच्या दाराबाहेर पसरला. लाल्या त्यावर गेला, तीन गिरक्या घेतल्या, पानं पायाखाली चुरली, आणि त्याने इतक्या समाधानाने इतका वेळ घेतला की मला तोंड फिरवावं लागलं. मग माझ्या ध्यानात आलं: पायपुसणं काथ्याचं. केरसुणी, चटई, कडबा, सगळं खरखरीत, सगळं वाळकं. बिचारा आमच्या चकचकीत घरात पाचट शोधत फिरत होता. जे सापडलं त्याच्यावर त्याने भागवलं. उसाच्या पट्ट्यात राहणारी आम्ही माणसं. दर वर्षी टनांनी पाचट डोळ्यांसमोर जाळतो. आम्ही त्या जनावराला बिस्किटं आणि वर्तमानपत्रं देत बसलो.

दोन दिवस पायपुसणं कोरडं राहिलं. केरसुणी कोरडी, कडबा कोरडा. मी विजयी चेहऱ्याने फिरत होते. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी घरी आले. मागच्या दाराबाहेर लाल्या पाचटावर उताणा झोपला होता, दाराला बाहेरून कडी होती, मीच सकाळी लावलेली. आणि आत बोळात, माझ्या पांढऱ्या फरशीवर, थारोळं होतं. ताजं.

मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. थेंबांची रांग खाटेकडून न्हाणीकडे जात होती आणि अर्ध्यात संपली होती. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी त्यांनी पांढरं धोतर नेसलं होतं. आता अंगावर निळी लुंगी होती. त्यांचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

एका क्षणात सगळं एकामागून एक माझ्या अंगावर आलं. मखमल मऊ असते. जानमाज खुंटीवर असते, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहायचं, वाकायचं, कपाळ टेकवायचं, आणि आजूबाजूला गावातली माणसं, आणि खाली सगळ्यांची मिळून एकच सतरंजी. आजारी माणसाला धर्मात सवलत असते, हे अब्बांनीच मला एकदा बाळंतपणानंतर समजावलं होतं. पण ती सवलत देवाकडून होती. सतरंजीवर डाग पडला तर तो माणसांनी बघायचा होता. आणि घरात तो डाग मी बघायचे, नाकाला ओढणी बांधून, मोठमोठ्याने बोलत. काय काय बोलले होते मी त्या बोळात. घाणेरडं. ओंगळ. कुणाच्या घरचं कुणाच्या गळ्यात. प्रत्येक शब्द तीन हातांवरच्या खाटेपर्यंत नीट पोचत होता.

मला किळस आली. मुताची नव्हे. म्हणजे, मुताचीही आलीच, ती काही कुठे गेली नव्हती. पण तिच्याखाली दुसरी एक होती आणि ती माझी होती.

मग मी काय केलं? मी बाहेरून फिरून जाऊन मागचं दार उघडलं, लाल्याला हाका मारून आत आणलं आणि त्याच्यावर ओरडले. "मेल्या लाल्या! परत केलंस? दारं लावली तरी फटीतून येतोस होय रे!" लाल्याने कान पाडले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याला ओरडत ओरडत स्वयंपाकघरात नेलं आणि भाकरीचा अख्खा चतकोर त्याच्या तोंडात कोंबला. बोळात येऊन पुसलं. खाटेवरचा श्वास हळूहळू सैल झाला.

सलीमला म्हटलं, कुत्रं पळसदेवला जायचं नाही.

"आगं, तूच म्हणत व्हतीस ना? ओकाऱ्या काढत व्हतीस!"

"शिकतंय ते हळूहळू. राहू दे."

"आन् अब्बांची नमाज?"

"ती त्यांची आणि अल्लाची. आपण मधे पडू नये." तो माझ्याकडे बघत राहिला, जणू उन्हाने माझं डोकं फिरलंय. त्याला हे सगळं आज, हा लेख वाचून कळेल. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. लिहू का म्हणून विचारायला ते नाहीत, आणि असते तर मी लिहिलं नसतं.

तो उन्हाळा मग असा गेला. पाण्याने तळ गाठला, नणंदेचे फोन यायचे की उजनीतलं जुनं देऊळ उघडं पडलंय, बघायला या. मी गेले नाही. घर सोडून दिवसभर बाहेर जायचं म्हणजे बोळात कोण बघणार? लाल्या पाचटावर जायचा, एकदाही चुकला नाही, आणि गावभर त्याची ख्याती झाली की मास्तरणीचं कुत्रं काही केल्या शिकत नाही. तात्या कुंपणावरून विचारायचे, "नाक घासता का?" मी म्हणायचे, "घासते." दर एक-दोन दिवसांनी मी त्याला शिव्या द्यायचे आणि चतकोर द्यायचे. तो लठ्ठ झाला. शिव्या ऐकल्या की शेपूट हलवायला लागला. त्याच्या दृष्टीने त्याचं शिक्षण उत्तम चाललं होतं.

आणि मी रोज पुसत होते. सवयीने किळस जाते म्हणतात. माझी नाही गेली. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीला उग्र वास असतो, औषधांचा, आणि तो फडक्यातून बोटांत उतरतो. मी प्रत्येक वेळी तोंड फिरवलं. फक्त तोंड फिरवून गप्प राहायला शिकले, आणि बोलायचंच झालं तर कुत्र्याचं नाव घेऊन बोलायला.

एके दिवशी सकाळी सलीम दुकानाच्या कामासाठी बारामतीला निघाला आणि लाल्यालाही सुई टोचायला गाडीत घालून घेऊन गेला. मी शाळेतून आले. डोक्यात तपासायचे पेपर होते. बोळात पाऊल टाकलं आणि चप्पल घसरली. बघायची गरजच नव्हती. मी पिशवी टेकवली, ओढणी नाकाला बांधली, फडकं घेतलं आणि नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "मेल्या लाल्या, तुझ्यापुढे हात टेकले रे बाबा! आता कुठे लपून बसलायस?"

खाटेवरून आवाज आला. शांत.

"बेटा, लाल्या सकाळधरनं बारामतीला गेलाय."

मी खाली बसले होते, हातात ओलं फडकं. मान वर करायची हिंमत होईना. पंखा फिरत होता. अब्बा उठून बसल्याचं खाटेच्या करकरीवरून कळलं.

"कवाधरनं ठाव हाय तुला?"

मी फडक्याची घडी उलटी केली आणि पुसत राहिले. उत्तर तेच होतं.

त्यांनी हात पुढे केला. "फडकं हिकडं दे."

"राहू द्या अब्बा."

"दे म्हणतो ना. माझं हाय."

मी दिलं नाही. पण या वेळी मी ओढणी सोडली. वास होता तसाच होता, उलट जास्तच आला. मी तोंड न फिरवता पुसलं, अब्बा बघत होते, आणि आम्ही दोघंही त्या पांढऱ्या फरशीबद्दल बोललो. डाग दिसतो म्हणून बरं असतं, असं काहीतरी मी म्हटलं. ते म्हणाले, "व्हय. पर दुसरी घालायला पायजे व्हती, खरखरीत. पाय घसरत्यात हिच्यावर." दुसऱ्या दिवशी बारामतीच्या एका औषधाच्या दुकानातून मी मोठ्या माणसांचे लंगोट आणले आणि त्यांच्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली ठेवले. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. शुक्रवारी अब्बा अंघोळ करून, अत्तर लावून, काठी टेकत मशिदीत गेले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पण गेले.

ती पुढची गोष्ट. त्या दिवशी संध्याकाळी लाल्या बारामतीहून आला तो रुसलेला, सुई टोचलेला, गाडीत ओकलेला. सलीम शिव्या देत गाडी धूत होता. लाल्या थेट पाचटावर जाऊन आला आणि खाटेपाशी येऊन बसला. अब्बांनी खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, मी फरशीवर घासलं होतं तेच, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "माफ कर बाबा मला."

मी तिथेच, त्याच बोळात उभी होते. "आणि मला," मी म्हटलं.

सलीम ओले हात झटकत दारात आला. "काय झालं? कशाची माफी मागताय कुत्र्याला?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग लाल्याकडे.

"तू गाडी धू," ते म्हणाले. "आमचं आमच्यात हाय."